बुशमधली जुनी बोली: चोरांची, कष्टकऱ्यांची की छापखान्याची?

वाटाड्या:
ऑस्ट्रेलियाच्या बुशमधली (शहरांपासून दूरच्या रानमुलखातली) जुनी बोली म्हणजे हद्दपार कैद्यांची चोरभाषा, सिडनीतल्या कवींनी तिला नंतर शेंदूर फासला आणि आपण भाबडेपणाने तिला लोकवाणी म्हणू लागलो, असे विधान 'सनावळी' यांनी दुसऱ्या धाग्यावर केले आहे. ते वाचून गप्प बसणे जमले नाही.

कैद्यांची 'फ्लॅश' भाषा होती, हे कोणीच नाकारत नाही. सुरुवातीच्या न्यायालयांत साक्षीदाराचे बोलणे उलगडायला दुभाष्या लागत असे, असे वसाहतीतला नौसैनिक अधिकारी वॉटकिन टेंच याने १७९३ सालीच लिहून ठेवले आहे, आणि जेम्स हार्डी व्हॉक्स या कैद्याने १८१२ मध्ये तिचा कोशही तयार केला. परंतु त्या कोशातले शब्द पुढे कुठे गेले, हे कोणी पाहायचे? लंडनच्या चोराचे 'स्वॅग' म्हणजे लांबवलेले गाठोडे. तोच शब्द बुशमध्ये पोचल्यावर कामाच्या शोधात पायी हिंडणाऱ्या मजुराच्या पाठीवरची घोंगडीची वळकटी झाला. घोंगडी निळी असे म्हणून तिला 'ब्लूई' म्हणू लागले, आणि अशा भटकंतीला 'वॉलबीच्या (छोट्या कांगारूच्या) वाटेवर असणे' हे नाव पडले. दिवस मावळताना मेंढवाड्यावर पोचायचे, म्हणजे काम न करता शिधा मिळतो, ही युक्ती साधणारा तो 'सनडाउनर'. लंडनच्या कुठल्या चोराने हे शब्द घडवले असतील? 'फॉसिक' (उरलेसुरले सोने धुंडाळणे) इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलकडच्या बोलीतून सोन्याच्या खाणींवर आला, 'बिलाबाँग' (नदीपासून तुटलेले डबके) मूळ रहिवाशांच्या विराजुरी भाषेतून, 'याका' (कष्टाचे काम) ब्रिस्बेन परिसरातल्या त्यांच्याच यागारा भाषेतून. सोने खणण्याचे परवाने तपासायला पोलीस आले की व्हिक्टोरियातले खाणकामगार 'जो!' अशी आरोळी ठोकत, कारण तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरचे नाव चार्ल्स जोसेफ ला ट्रोब होते. ही आरोळी त्या मातीतलीच आहे.

सनावळी:
आपण माझे अर्धेच विधान उद्धृत केले आहे. माझा मुख्य आक्षेप पुराव्यावर आहे. आपण सांगता ते शब्द आपल्यापर्यंत आणले कोणी? सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकातल्या पद्यांनी, नाही तर १८९८ साली कोश छापणाऱ्या मेलबर्नच्या प्राध्यापक मॉरिस यांनी. १८९२ मध्ये हेन्री लॉसन आणि बॅन्जो पॅटरसन या कवींमध्ये बुशच्या खऱ्या रूपावरून 'बुलेटिन'मध्ये जो प्रसिद्ध वाद रंगला, तो चार पैसे मिळावेत म्हणून दोघांनी आधीच ठरवून केला होता, हे पॅटरसननेच पुढे सांगितले आहे. पॅटरसन त्या वेळी सिडनीत वकिली करत होता. बैलगाडी हाकणारा माणूस खरोखर काय बोलत होता, ते छापण्याची कोणाची हिंमत नव्हती. १८४७ साली मार्जोरीबँक्स या प्रवाशाने अशाच एका गाडीवानाची शिवी पाव तासात किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून पन्नास वर्षांचा हिशोब मांडला. मला तो एकटा सगळ्या कवींपेक्षा विश्वासार्ह वाटतो.

ब्रिस्बेनकर:
सनावळी, आपण कधी लोकर कातरणीच्या शेडमध्ये पाय ठेवला आहे का? नोकरीच्या निमित्ताने मी पश्चिम क्वीन्सलंडात बराच काळ काढला आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या कातरणाऱ्याने शेवटी उरलेल्या, कातरायला सर्वांत अवघड मेंढीला 'कॉब्लर' म्हटले. 'कॉब्लर' म्हणजे मोची, आणि 'लास्ट' म्हणजे शेवटचा, पण मोच्याच्या लाकडी साच्यालाही इंग्रजीत 'लास्ट' म्हणतात, हे त्याने डोळे मिचकावत मला समजावले, आणि हाच शब्द त्याच्या आजोबांच्या तोंडीही होता असे सांगितले. तो माणूस आयुष्यात कुठलेच साप्ताहिक वाचत नव्हता. हा पुरावा आपल्याला पुरत नसेल, तर आपल्याला पुरावा हवाच आहे का, अशी शंका येते.

सनावळी:
ताई, म्हाताऱ्याच्या आजोबांची साक्ष घेऊन इतिहास लिहायचा असेल तर माझी हरकत नाही. फक्त त्याला इतिहास म्हणू नये.

गिरगावचा:
आपण सगळे मोठे अभ्यासू आहात, पण आपल्या घरचा धागा एकालाही दिसला नाही, याची गंमत वाटते. हॉक्सबरी नदीकाठच्या गरीब शेतकऱ्यांना न्यू साउथ वेल्समध्ये 'डंगरी सेटलर' म्हणत, हे पीटर कनिंगहॅम या नौदलातल्या शल्यचिकित्सकाने १८२७ साली नोंदवले आहे. ते लोक हिंदुस्थानातून येणारे जाडेभरडे सुती कापड अंगावर घालत, म्हणून हे नाव. डंगरी म्हणजे आपली डोंगरी! तिथल्या किल्ल्याजवळच्या बाजारात विकले जाणारे कापड. मुंबईच्या शब्दाने त्या बोलीतला एक आख्खा सामाजिक वर्ग ओळखला जात होता, आणि इथे चर्चा चालली आहे मेंढ्यांची.

सनावळी:
अभिमान जरा आवरावा. त्या काळी सिडनीशी मुख्य व्यापार कलकत्त्याचा होता. १७९७ मध्ये बासच्या सामुद्रधुनीत फुटलेले 'सिडनी कोव्ह' हे जहाजही कलकत्त्याहूनच निघाले होते. तोवर 'डंगरी' हे कापडाच्या एका प्रकाराचे सर्वसाधारण नाव होऊन बसले होते. त्या शेतकऱ्यांच्या अंगावरचा कपडा डोंगरीत विकला गेला असेलच असे नाही.

गिरगावचा:
मी कपड्याचा प्रवास सांगितला नव्हता, शब्दाचा सांगितला होता. मुंबईचे नाव आले की ते कलकत्त्याच्या खात्यावर जमा करण्याची ही सवय जुनीच आहे. पैठणीला कोणी बनारसी म्हटले तर आपल्याला चालेल काय?

कुळवाडी:
गिरगावचा, आपण मिरवत आहात ते नाव मुळात हेटाळणीचे होते. ज्याला विलायती कापड परवडत नाही त्याला त्याच्या कपड्यावरून ओळखायचे, हा श्रीमंतांचा डाव होता. माझे आजोबा जाडेभरडे मांजरपाट नेसत, आणि त्यावरून गावात त्यांना जे नाव पडले ते मी इथे लिहिणार नाही. ते कापड ज्यांनी विणले, ते मागावर बसून काय बोलत होते, हे ना कनिंगहॅमने टिपले ना आपल्या कोशकारांनी. आमच्याकडच्या बोलीतला शब्द शाळेच्या निबंधात लिहिला की त्याखाली लाल रेघ येत असे.

ब्रिस्बेनकर:
कुळवाडी यांचा मुद्दा पटतो, पण तो आणखी मागे न्यायला हवा. आपण 'बिलाबाँग' आणि 'याका' यांची नावे कौतुकाने घेतो, आणि ज्यांच्याकडून हे शब्द घेतले त्यांची जमीनही घेतली गेली, याबद्दल या धाग्यावर एक ओळ नाही. 'बकलीला मिळेल तेवढी संधी' म्हणजे जवळजवळ शून्य संधी. ही म्हण विल्यम बकलीवरून आली, असा एक समज आहे. तो १८०३ मध्ये पोर्ट फिलिपच्या छावणीतून पळालेला कैदी. (दुसरा समज मेलबर्नच्या बकली अँड नन या दुकानाकडे बोट दाखवतो.) बकली त्यानंतर ३२ वर्षे रानात जगला तो तिथल्या मूळ रहिवासी वाथाउरुंग लोकांनी सांभाळले म्हणून. म्हणीत तो अभागी ठरतो आणि त्याला जगवणारे म्हणीत कुठेच नाहीत.

गिरगावचा:
म्हणजे आता डोंगरीचा विषय संपला, असे समजायचे काय?

वाटाड्या:
डोंगरीसाठी आपण स्वतंत्र धागा काढावा, मी वाचीन. इथे मूळ प्रश्नाकडे येऊ. सनावळी, बुलेटिनची छाप नसलेला मजकूर आपल्याला हवा होता. १८७९ साली नेड केली या फरारी दरोडेखोराने जेरिल्डरी गावात मागे ठेवलेले पत्र घ्या. त्याचा साथीदार जो बर्न याने ते लिहून घेतले आणि १९३० पर्यंत ते पूर्ण छापले गेले नाही, म्हणजे ते रंगवण्याची संधी कोणत्याही शहरी कवीला मिळाली नाही. त्यात पोलिसांना घातलेल्या शिव्या पाहा: वॉम्बॅटच्या (बिळात राहणाऱ्या एका गुबगुबीत प्राण्याच्या) डोक्याचे, जाड मानेचे, मॅगपाय पक्ष्याच्या तंगड्यांचे. वॉम्बॅट हा सिडनीकडच्या मूळ भाषेतून आलेला शब्द, शिव्यांची लांबण आयरिश वळणाची, आणि राग पूर्णपणे तिथला. लॉसन आणि पॅटरसन सिडनीत बसून लिहीत होते हे खरे, पण एक ग्रेनफेलच्या खाणीवर जन्मला आणि दुसरा यासजवळच्या मेंढवाड्यावर वाढला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

सनावळी:
केलीचे पत्र मी विसरलो नव्हतो, ते आपल्यालाच शोधू द्यावे असे वाटले. ठीक आहे, त्या पत्रातली भाषा बुशची आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पण एका संतापलेल्या फरारी माणसाच्या पत्रावरून 'सनडाउनर' आणि 'वॉलबीची वाट' शेडमधले लोक रोज बोलत होते, हे कसे सिद्ध होते, ते आपण अजून सांगितलेले नाही. मॉरिस आणि 'बुलेटिन' वगळून, कातरणाऱ्याच्या हातचे १८९० पूर्वीचे एक तरी पत्र दाखवावे. कोणाच्या आजोबांची आठवण चालणार नाही.

ब्रिस्बेनकर:
शेवटचे वाक्य माझ्यासाठी होते, हे कळले. स्टेट लायब्ररीतल्या हस्तलिखितांची यादी बघायला मी सुरुवात केली आहे.