मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या मल बेटावर मोटरहोम + स्टाफा बेटाची बोट, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

आम्ही मिल्टन कीन्सला असतो. आई-बाबा एप्रिलमध्ये अंधेरीहून येतायत आणि या वेळी लंडन वगैरे परत नकोच म्हणालेत, त्यामुळे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आईल ऑफ मल (नावाला हसू नका, बाबा हसून झालेत) असं डोक्यात आहे. कारण बाबाच. त्यांचं लहानपण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या (काळ्या दगडी खांबांचा तो उभा कडा) पायथ्याशी गेलंय, वरच्या गावदेवीच्या देवळात रोज जाणं-येणं, आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टाफा बेटाचा व्हिडिओ पाठवला त्यात तसेच्या तसे काळे दगडी खांब थेट समुद्रात उभे आणि मध्ये फिंगल्स केव्ह नावाची गुहा, तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाहीत. 'लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि असे षटकोनी खांब होतात' हे माझ्या मुलीला दिवसातून एकदा तरी समजावून सांगतात.

तर आम्ही पाच जण, मुलगी सहा वर्षांची. मोटरहोम (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायची म्हणतोय, म्हणजे आईला स्वतःचा चहा, स्वतःचा डबा आणि रात्री टॉयलेट जवळ. प्रश्न असे:

मे अखेरच्या हाफ टर्मच्या छोट्या सुट्टीत जावं की जुलैच्या शेवटी शाळेला सुट्टी लागल्यावर? मुलीला पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) बघायचेत.
मोठी सहा बर्थची गाडी मलच्या रस्त्यांवर चालवणं झेपेल का? मी इथे रोज कार चालवतो पण एवढं धूड कधीच नाही.
आईचे गुडघे दुखतात, जिना चढते पण कठडा लागतो. स्टाफावर तिला उतरता येईल का?
आणि कुठेही समुद्राकाठी गाडी लावून झोपता येतं असं ऐकलंय, खरं का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो गैरसमज फार पसरलाय. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जागेत तंबू टाकायचा जो हक्क आहे तो पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला, मोटर गाडीला नाही. जागामालकाची परवानगी किंवा सरळ कॅम्पसाइट. आणि तुमच्या सोबत दोन ज्येष्ठ आणि एक लहान मूल असताना वीज, पाणी आणि केमिकल टॉयलेट रिकामं करायची सोय असलेली साइटच बरी, ती कॅसेट (टॉयलेटची काढता येणारी टाकी) कुठे रिकामी करायची हा विचार सुट्टीत सगळ्यात जास्त वेळ खातो, बाकी कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

गाडी घेताना बर्थ मोजू नका, सीट बेल्ट मोजा. सहा झोपतात पण बेल्ट चारच अशा गाड्या भरपूर असतात. मुलीची कार सीट त्यात नीट बसते का तेही आधीच विचारा, बऱ्याच मोटरहोममध्ये आयसोफिक्स (कार सीट अडकवायचे हुक) नसतं.

प्रतिसाद २

आम्ही ग्लासगोला राहतो, मलला जाणं होतं. माझं स्पष्ट मत: मे. पफिन एप्रिलपासून असतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात, जुलैच्या शेवटी गेलात तर अगदी काठावर. शिवाय जुलैत मिजेस. ते चिलटांसारखे किडे वारा पडला की ढगाने येतात आणि चावतात, आई दार उघडं ठेवून पोळ्या करूच शकणार नाहीत. मेअखेर ते नुकते सुरू होतात. फक्त उजेड रात्री दहापर्यंत असतो, मुलीला झोपवायचं तर पडदे चांगले हवेत.

रस्ते. मलवर क्रेग्न्युअरला फेरीतून उतरल्यापासून फिनफोर्टपर्यंत (स्टाफाची बोट तिथून सुटते) साधारण ६० किमी, पण बराचसा भाग एकेरी पट्टीचा, समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या रुंद जागेत, थांबायचं. गुगल म्हणेल त्यावर विसंबू नका, दीड तास धरा. जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, उजवीकडे घुसायचं नाही. मागे लोकल माणूस असेल तर त्याला पुढे जाऊ द्या, त्याला कामावर जायचंय. आणि पासिंग प्लेसमध्ये फोटोसाठी गाडी लावणारे टुरिस्ट बघितले की माझं डोकं फिरतं. धूड घेऊ नका, पाच बेल्टची त्यातल्या त्यात लहान गाडी बघा आणि रोज बेटभर हिंडू नका, फिनफोर्टच्या बाजूलाच मुक्काम ठेवा. टोबरमोरी गावातली रंगीत घरं परतताना.

मुख्य भूमीवरच्या ओबान बंदरातून क्रेग्न्युअरची फेरी पाऊण तासाच्या आसपास, मोटरहोमची जागा आत्ताच बुक करा, तिकीट गाडीच्या लांबीवर असतं तेव्हा मागच्या सायकल रॅकसकट मोजा. फेरीत गाडीतला गॅस सिलिंडर बंद करून ठेवायचा. ओबानची जागा नाहीच मिळाली तर लोखअलाइन ते फिशनिश ही छोटी फेरी बुकिंगशिवाय रांगेत लागून मिळते, पण तिथपर्यंतचा रस्ता लांबचा आहे.

प्रतिसाद ३

काकूंच्या गुडघ्यांबद्दल. फिनफोर्टहून स्टाफाची सहल साधारण तीन तासांची, त्यात तासभर बेटावर. बोटीचा धक्का लहान, बोट हलत असताना उतरायचं, क्रू हात देतात. तिथून गुहेकडे जाणारी वाट म्हणजे त्या खांबांचेच तुटलेले माथे, ओले, वरखाली, बाजूला धरायला आधार आहे. पफिनसाठी मात्र उलट बाजूला खडा जिना चढून वर माळावर जायचं. आधार असला तरी गुडघे दुखतात म्हणताय तर मी त्यांना उतरवणार नाही. न उतरता बोटीतच बसता येतं का हे बुक करतानाच विचारा, गुहेचं तोंड समुद्रातून जास्त छान दिसतं, पायी जाणाऱ्याला ते तसं दिसतच नाही. लाटा मोठ्या असल्या तर कुणालाच उतरवत नाहीत, म्हणून बोट पहिल्याच दिवशी ठेवा, रद्द झाली तर पुढे दिवस शिल्लक.

काकूंचा स्वतःचा दिवस शेजारच्या आयोना बेटावर करा. फिनफोर्टहून दहा मिनिटांची फेरी, गाडी अलीकडेच ठेवायची, पलीकडे अ‍ॅबीपर्यंत (जुना ख्रिस्ती मठ) डांबरी रस्त्याने रमतगमत जाता येतं. सेंट कोलंबा हा ख्रिस्ती संत ५६३ साली तिथे आला, तेव्हापासूनची जागा आहे, शांत बसायला बाक आहेत.

धागाकर्ता

बापरे, एवढं सविस्तर! मे फिक्स. आईला विचारलं, ती म्हणते मी बोटीतूनच बघीन, पण मग ह्यांच्या वॉटरप्रूफ आणि बुटांचं तेवढं बघा, बाबांना चपला घालूनच तो डोंगर चढायची सवय आहे. सीट बेल्टवालं तर माहीतच नव्हतं, जी गाडी पसंत केली होती तिचे चारच निघाले. आता पाच बेल्टची लहान गाडी शोधतोय. किराणा सगळा इथूनच भरून नेऊ का?

प्रतिसाद २

पीठ, डाळी, मसाला घरून. भाजी-दूध ओबानला सुपरमार्केटमध्ये भरा, फिनफोर्टला छोटं दुकान आहे, कोथिंबिरीची आशा ठेवू नका. डिझेलही ओबानलाच फुल करा. बुटांना ग्रिप हवीच, ओल्या बसाल्टवर (तोच लाव्हाचा काळा दगड) चपला म्हणजे घसरगुंडी, काकांना माझं नाव सांगा.