कोकणातल्या माणसाने ब्रायटनला जाऊ नये. माझं ठाम मत, पटत नसेल तर भांडा

भाट्येकर_बंड्या:
लंडनला मास्टर्स करतोय, एक वर्षाचा कोर्स आहे. मागच्या वीकेंडला रूममेटबरोबर ब्रायटनला जाऊन आलो. सगळे सांगत होते जा जा, व्हिक्टोरियाहून तासाभराची ट्रेन, समुद्र, पिअर (समुद्रात शिरलेला लांब धक्का), मज्जा. तर ऐका.

बीचवर वाळूच नाही. म्हणजे थोडी आहे, गोटे जास्त आहेत, असं पण नाही, नाहीच. मैलभर नुसते गोटे, बटाट्याएवढे. चालताना दर पावलाला घोटा मुरगळतोय. मी भाट्याच्या किनाऱ्यावर लहानाचा मोठा झालो, अनवाणी पळायची सवय, इथे बूट घालून पण धड चालता येईना. वारा असा की रूममेटची टोपी गेली ती गेलीच. फिश अँड चिप्स घेतले आणि बाकड्यावर बसलो, पहिला तुकडा तोंडात जायच्या आत मागून एक सीगल आला (कोंबड्याएवढा असतो, फोटोत कळत नाही) आणि अख्खा मासाच घेऊन गेला, मागे फक्त पीठ राहिलं. शेजारच्या आजी हसल्या आणि म्हणाल्या, वेलकम टू ब्रायटन.

मग तो राजवाडा, रॉयल पॅव्हेलियन. घुमट, मिनार, जाळ्या, ताजमहालाची कोणीतरी ऐकीव माहितीवर केलेली नक्कल. तिकीट बघितलं आणि बाहेरूनच फोटो काढून सटकलो. पिअरवर तेच जत्रेतले खेळ, आमच्याकडे शिमग्याला याहून बरे पाळणे येतात.

हॉस्टेलची रात्र धरून दोघांचे मिळून दीडशे पौंड गेले. रुपयात सांगणार नाही, आई इथे वाचते. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या घरामागे समुद्र आहे त्याने परदेशात समुद्र बघायला पैसे घालू नयेत. तेच पैसे साठवा, स्कॉटलंडचे डोंगर बघा, लायब्ररीत झोपा, पण ब्रायटन नको.

कांदेपोहे_इन_क्रॉयडन:
साफ असहमत. आधी मला सांग, फेब्रुवारीत कोण जातं रे समुद्रावर? आणि गेलास ते गेलास, तिथे भाट्ये शोधत बसलास.

बावीस वर्षं झाली मला इथे. इंग्रज माणूस समुद्रावर पोहायला कमी आणि गारठायला जास्त जातो हे कळायलाच मला पाच वर्षं लागली. स्वेटर, त्यावर जाकीट, हातात चहा, आणि पाण्याकडे तोंड करून दोन तास गप्प बसायचं. ही यांची सुट्टी. आणि हे आजचं नाही. ब्रायटन साधं कोळ्यांचं गाव होतं, १७५० च्या सुमाराला जवळच्या लुईस गावातले डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी औषधी म्हणून लिहिलं, अंगाला लावा आणि प्या पण. लोक खरंच प्यायले. मग राजपुत्र आला, त्याच्या मागे सगळे उमराव आले आणि १८४१ मध्ये रेल्वे आल्यावर लंडनची गरीब माणसं पण एका दिवसासाठी येऊ लागली. डे ट्रिपची सवय लागली ती इथपासून. तू त्याच रांगेत उभा होतास रे बाबा, फक्त तुला कळलं नाही.

बाकी दीडशे पौंड हा तुमचा गाढवपणा. १६-२५ रेलकार्ड काढलंस का? एक तृतीयांश भाडं कमी होतं. रात्री राहायची पण गरज नव्हती.

शंकासुर:
धागाकर्त्याला +१, आणि मी तर पुढे जाऊन म्हणतो, ब्रायटनच कशाला, हे वीकेंड ट्रिपचं खूळच बंद व्हायला हवं. शुक्रवारी रात्री बॅग भरायची, शनिवारी पोचायचं, चार ठिकाणी तोच गॉगल लावून फोटो, रविवारी परत, सोमवारी वर्गात पेंगायचं. विचारलं काय बघितलं तर म्हणे 'व्हाईब मस्त होती'. व्हाईब? आमच्या वडिलांनी आयुष्यात दोन प्रवास केले, पंढरपूर आणि काशी, पण त्यावर चाळीस वर्षं बोलले.

अवनी_पूर्वी_ससेक्स:
@शंकासुर, वडील पंढरपूरला किती दिवस राहिले होते? दोनच ना? मग तो पण वीकेंडच झाला की.

मी ससेक्स युनिव्हर्सिटीत होते, कॅम्पस फाल्मरला, ब्रायटनपासून ट्रेनने दहा मिनिटं. दोन वर्षं राहिले तिथे, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे हे आधीच सांगते.

बंड्या, गोट्यांवर चालायचं नसतंच. बसायचं असतं, पार भरती-रेषेच्या जवळ. लाट येते ती तुमच्याकडच्यासारखीच येते, पण परत जाताना हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली ओढले जातात, त्याचा आवाज येतो. कोणीतरी प्रचंड मोठ्या सुपात तांदूळ पाखडतंय असा. वाळूच्या किनाऱ्यावर हा आवाज नाहीच. मी परीक्षेच्या दिवसात नुसता तो ऐकायला जायचे. (गोटा उचलून घरी न्यायचा मोह होतो पण परवानगी नाही, किनारा झिजतो म्हणून.)

आणि तू फेब्रुवारीत गेलास, म्हणजे संध्याकाळी साळुंक्या बघितल्या असशीलच? म्हणजे त्यांच्याच कुळातले स्टारलिंग पक्षी. थंडीत सूर्य मावळायच्या सुमाराला पॅलेस पिअरवर हजारोंनी येतात, धुरासारखा थवा वळतो, फाटतो, पुन्हा जुळतो आणि एकदम पिअरच्या खाली ओतल्यासारखा नाहीसा होतो. फुकट. बघितल्यास का?

भाट्येकर_बंड्या:
@अवनी ताई, नाही 🙁 संध्याकाळी आम्ही हॉस्टेलवर मोजे वाळवत होतो.

पण मुद्दा तोच ना! तुम्ही दोन वर्षं राहिलात म्हणून तुम्हाला सुपाचा आवाज आला. मला दीड दिवसात गोटे आणि सीगलच मिळणार. म्हणजे वीकेंडला जाऊ नये हेच सिद्ध होतंय की.

सदाशिवपेठी:
रत्नागिरीचा ना रे तू? थिबा पॅलेस किती वेळा आतून बघितलास?

भाट्येकर_बंड्या:
एकदा. शाळेची सहल. का?

सदाशिवपेठी:
काही नाही. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून तुमच्या गावात तीस वर्षं ठेवला, १९१६ मध्ये तिथेच गेला बिचारा, आणि तू गावात राहून एकदा बघितलास, तोही मास्तरांनी नेलं म्हणून. वेळ कमी पडतो हे कारण ब्रायटनला देऊ नकोस म्हटलं. चालू द्या.

खडकीवाला:
मी सहसा लिहीत नाही पण 'बाहेरूनच फोटो काढून सटकलो' हे वाचून राहवलं नाही.

बाळ, त्या नकली राजवाड्यात आपली माणसं पडून होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदुस्थानी सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ पासून रॉयल पॅव्हेलियनचं हॉस्पिटल केलं होतं, सातशेहून जास्त खाटा. झुंबरांखाली ओळीने खाटा मांडलेले फोटो आहेत, जरूर बघ. राजाच्या मुदपाकखान्यात ऑपरेशन थिएटर. जातीधर्माप्रमाणे स्वयंपाकघरं वेगळी, एकूण नऊ, आणि हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं.

आमच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स, विसावी आणि एकविसावी कंपनी, २८ ऑक्टोबर १९१४ ला शीख पलटणीबरोबर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलवर चालून गेले. खंदक खोदणारी, पूल बांधणारी माणसं ती, संगीन लावून गल्लीबोळात घराघरातून लढली. दोन्ही कंपन्यांचं जबर नुकसान झालं. मी त्याच छावणीत आयुष्य काढलं म्हणून हे पाठ आहे.

जे हिंदू आणि शीख सैनिक ब्रायटनला वारले त्यांना गावाबाहेर डोंगरावर अग्नी दिला. ५३ जण. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधली आहे, नावच 'छत्री', इंग्रजपण चॅट्री म्हणतात. १९२१ मध्ये उद्घाटन झालं. आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या वास्तुकाराचा. आणि तू सीगलवर परिच्छेद लिहिलास.

भाट्येकर_बंड्या:
काका सॉरी. खरंच माहीत नव्हतं. आमच्या युनिव्हर्सिटीच्या ग्रुपवर जी 'ब्रायटन इन अ डे' यादी फिरते तिच्यात पिअर, 'द लेन्स' म्हणतात त्या दुकानांच्या जुन्या गल्ल्या, डोनट एवढंच आहे.

उनाड_पाखरू:
काकांबद्दल आदर ठेवून थोडा विरोध करते. पॅव्हेलियन हॉस्पिटलची गोष्ट इतकी गोड करून सांगू नये. नऊ स्वयंपाकघरं आणि झुंबरं हे दाखवायचे दात होते. त्याचे फोटो काढून हिंदुस्थानात वाटले, की बघा सरकार तुमच्या पोरांना राजवाड्यात ठेवतंय, अजून पोरं पाठवा. त्याच गावात दुसरं मोठं हॉस्पिटल होतं, किचनर, जुन्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये. तिथे भोवती काटेरी तारा होत्या, सैनिकांना मोकळेपणाने गावात फिरायला बंदी, गोऱ्या बायकांशी बोलतील ही भीती. पत्रं सगळी सेन्सॉर होऊन जायची. ते का नाही सांगत कोणी? आणि १९१५ संपता संपता पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाला धाडलं, लगेच राजवाडा पण रिकामा.

खडकीवाला:
ताई, गोड करून सांगितलं नाही, तारांचं मलाही माहीत आहे. पण जो माणूस पाय कापून घेऊन त्या झुंबराखाली झोपला होता त्याला सरकारचा हेतू काय होता याने फार फरक पडत नव्हता. आपण जायचं ते त्याच्यासाठी. सरकारसाठी कशाला?

उनाड_पाखरू:
हेतूने फरक पडतो काका. बरा झाला की पुन्हा खंदकात पाठवत होते त्याला, आणि लोक त्याविरुद्ध तक्रार करत होते. तरीही छत्रीवर जावं हे मान्य, त्यात वाद नाही. फक्त जाणाऱ्याने दोन्ही डोळे उघडे ठेवावे.

शंकासुर:
म्हणजे आता पोराने वीकेंडला सुतक पाळायला जायचं का? विषय समुद्राचा होता.

कांदेपोहे_इन_क्रॉयडन:
@शंकासुर, मगाशी पोरं काही बघत नाहीत म्हणून तूच रडत होतास, आता बघायला काही सांगितलं तर सुतक. ठरव काय ते.

अवनी_पूर्वी_ससेक्स:
त्या 'नक्कल'बद्दल पण एक सांगायचंय. राजपुत्राने, म्हणजे नंतरच्या चौथ्या जॉर्जने, हिंदुस्थान कधी पाहिलाच नाही. जॉन नॅश या वास्तुकाराने १८१५ ते १८२२ मध्ये हे रूप दिलं, बाहेरून हिंदुस्थानी आणि आत गेलं की सगळं चिनी, जेवणघरात छताला ड्रॅगनच्या पंज्यात धरलेलं टनभर वजनाचं झुंबर. वेडेपणा आहे नुसता, म्हणूनच बघायचा. व्हिक्टोरिया राणीला तो आवडला नाही, १८५० मध्ये गावालाच विकून टाकला.

आणि त्याच काळात त्याच गावात खराखुरा हिंदुस्थानी माणूस दुकान मांडून बसला होता! शेख दीन मोहम्मद, पाटण्याचा. १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं, ते बुडालं, मग ब्रायटनला येऊन वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं. आपली चंपी हो! शॅम्पू हा शब्द 'चंपी'च्याच घराण्यातला. दोन राजांचा अधिकृत 'शॅम्पूइंग सर्जन' होता तो. १८५१ मध्ये ब्रायटनलाच वारला, सेंट निकोलस चर्चच्या आवारात थडगं आहे, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. माझ्या मते चौथ्या जॉर्जपेक्षा हा माणूस जास्त भारी. हॉटेल बुडाल्यावर पन्नाशीत नवीन गावात नवीन धंदा, तोही गोऱ्या उमरावांचं डोकं चोळायचा.

सदाशिवपेठी:
डोकं चोळून पैसे घेणारा पाटण्याचा, आणि दीडशे पौंड देऊन डोकं फिरवून घेणारा रत्नागिरीचा.

भाट्येकर_बंड्या:
😂 बरं ठीक आहे. पॅव्हेलियनबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो. दीन मोहम्मदबद्दलचं तर मी आज जेवताना सगळ्या फ्लॅटला सांगितलं, बिहारी रूममेटची छाती दोन इंच फुगली आहे आणि टोपीचं दुःख विसरलाय.

पण वाळूचं मागे घेणार नाही. बीच म्हणायला वाळू लागते. गोटे असतील तर त्याला किनारा म्हणा, दगडी म्हणा, काहीही म्हणा. आणि हे सगळं ब्रायटनचा 'समुद्र' चांगला आहे म्हणून नाही, गाव चांगलं आहे म्हणून झालं, म्हणजे मूळ मुद्दा अजून उभा आहे.

छत्रीला जायचं कसं? बस जाते का? आणि दुसऱ्या खेपेला रात्र राहणार नाही, रेलकार्ड काढलं आजच.

अवनी_पूर्वी_ससेक्स:
अगदी दारापर्यंत बस नाही जात. पॅचमपर्यंत बस घे, तिथून हायवे ओलांडून चढ आहे, शेतातली पायवाट. एका बाजूला मेंढ्या, वर चढून मागे वळलं की अख्खं शहर आणि त्याच्या मागे समुद्र. छत्री एकदम समोर येते, आजूबाजूला काही नाही, नुसतं गवत. खाली ग्रॅनाइटचे तीन चौथरे आहेत, चिता जिथे रचायचे त्या जागेवर. शेजारी ५३ जणांची नावं कोरलेली भिंत आहे, ती मात्र २०१० मध्ये झाली, तोवर नावं तिथे नव्हती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक सरदारजी आजोबा एक एक नाव मोठ्याने वाचत होते. मी मागे उभी राहिले, संपेपर्यंत.

जूनमध्ये एका रविवारी दरवर्षी मानवंदना असते, जमलं तर तेव्हा जा.

भाट्येकर_बंड्या:
जूनमध्ये डिसर्टेशन आहे पण रविवार काढतो. खडकीवाले काका, तिथून फोटो पाठवतो तुम्हाला. आणि चिप्स या वेळी आत बसून खाणार.

खडकीवाला:
पाठव. नावांचा पाठव, सेल्फी नको.

कांदेपोहे_इन_क्रॉयडन:
आणि बूट जुने घाल. गोटे नाहीत तिथे, पण मेंढ्यांच्या लेंड्या आहेत.