इन्स्ट्रक्टरच जायबंदी? मग चूक कुणाची

पहाटे_पाच
काल एका जिममालकांनी लिहिलं होतं: "ज्याला स्वतःचं शरीर सांभाळता येत नाही त्याने लोकांना काय शिकवावं? लोका सांगे ब्रह्मज्ञान! दिवसाला पाच-पाच बॅचेस हावरटासारख्या घ्यायच्या आणि मग गुडघा धरून रडायचं." खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

तर हावरट मी, जिममध्ये नाचाच्या व्यायामाचे, झुंबाचे क्लास घेणारी. हिशेब मांडते. तासाला 450 रुपये. बॅच झाली तर पैसे, नाही झाली तर बोंब. गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, सगळी शून्याची पानं. सकाळी 6 आणि 7 कोथरूड, साडेनऊला वारज्याची गृहिणींची बॅच, संध्याकाळी दोन बाणेरला. मधे स्कूटी. आठवड्याचे 25 तास. ऐकायला अर्धवेळ नोकरी वाटते ना? 25 तास उड्या मारून बघा.

गेल्या वर्षी उजव्या पावलात ठणका सुरू झाला. बर्फ, टेप, क्रेप बँडेज, चालू द्या. एक्स-रे साफ आला म्हणून आणखी तीन आठवडे नाचले. मग एमआरआय: पावलातल्या दुसऱ्या लांब हाडाला (मेटाटार्सल) स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हापुन्हाच्या भाराने पडलेली चीर. त्याआधी चार महिने पाळी आली नव्हती आणि मी खूश, की कटकट गेली. सकाळची नाडी 58 वरून 70 वर गेलेली, रात्री तीनला टक्क जाग, नवऱ्यावर उगाच खेकसणं. हीच लक्षणं मी मेंबर्सना शिकवते. स्वतःची ओळखली नाहीत. तेवढ्यापुरतं ब्रह्मज्ञान मला लागू, घ्या.

पण मी सहा आठवडे पायाला आधार देणारा डॉक्टरी बूट घालून घरी बसले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी माझ्या बॅचेस दुसरीला गेल्या. कागदोपत्री आम्ही फ्रीलान्सर. रिसेप्शनवरच्या मुलीला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्यविमा आहे, चार वर्षं तिथे घाम गाळणाऱ्या मला नाही.

लोखंडी_माणूस
नाव घेतलं नाहीत, आभार. ती पोस्ट माझीच.

पाच बॅचेस घ्या म्हणून कुणी हात पिरगळला नव्हता. माझ्याकडे जे लंगडत आले ते क्लास घेऊन नाही, क्लासनंतरच्या उद्योगांनी. तीन बॅचेस माझ्याकडे, दोन शेजाऱ्याकडे, वर स्वतःचा लेग डे, रविवारी सिंहगड, डिसेंबरात हाफ मॅरेथॉन, आणि या सगळ्याचं रील. मी काय करू, घरी येऊन झोपवू?

मूळ प्रश्न वेगळाच आहे. शिकवणाऱ्याने अख्खा क्लास स्वतः करायचाच कशाला? व्यायाम दोनदा करून दाखवा, खाली उतरा, लोकांचे गुडघे कुठे चाललेत ते बघा. क्रिकेटचा कोच दिवसभर स्वतः बॅटिंग करतो का?

पहाटे_पाच
हे तुमच्या मेंबर्सना समजवा. एक आठवडा मी फक्त तोंडी सूचना (क्यू) दिल्या, फिरून फॉर्म सुधारले. चौथ्या दिवशी रिसेप्शनला तक्रार: "मॅडम नुसत्या हिंडतात, एनर्जी नाही." मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, रिन्यूअलचा महिना आहे, जरा जोर लावा. जोर लावला. पुढचं वर लिहिलंय.

लोखंडी_माणूस
अशी तक्रार आमच्याकडेही येते. मान्य. एवढंच मान्य.

फिजिओ_दादर
दोघेही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय आणि या खिचडीची मला जुनी चीड आहे. पायाचं हाड तडकणं, टाच धरणं, नडगी दुखणं म्हणजे ओव्हरयूज: एकाच जागी, तोच भार, पुनःपुन्हा. ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम म्हणजे अख्ख्या माणसाचीच बॅटरी बसते, आठवडे-महिने विश्रांती घेऊनही कामगिरी वर येत नाही. त्याची एक अशी रक्ततपासणी नाही. थायरॉइड, रक्तक्षय, संसर्ग सगळं वगळून मग तिथे पोचावं लागतं. अमेरिकन आणि युरोपीय क्रीडावैद्यक संस्थांनी 2013 च्या संयुक्त निवेदनात हेच म्हटलंय. आजकाल दोन दिवस अंग दुखलं की लोक "मी ओव्हरट्रेन झालोय" म्हणतात. नाही झालात, जागरण झालंय.

पहाटेताई, तुमच्या गोष्टीत तिसरंच आहे. साडेनऊच्या बॅचआधी काय खात होता?

पहाटे_पाच
काळी कॉफी. एक केळं. कधीकधी अर्धं.

फिजिओ_दादर
झालं. खर्चाच्या मानाने जमा नाही, मग शरीर आधी पाळी बंद करतं, नंतर हाडांकडे हात घालतं. खाण्यातून मिळणारी ऊर्जा अशी कमी पडण्याला ऑलिंपिक समिती 2014 पासून रेड-एस म्हणते. विश्रांतीइतकंच जेवणही कमी पडलं.

आणि लोखंडीसाहेब, हा आजचा हावरटपणा नाही. अमेरिकेत एरोबिक्सची लाट होती तेव्हा, 1985 साली, दुखापतींची पाहणी झाली. दुखापत झालेले मेंबर्स निम्म्याहून कमी, पण इन्स्ट्रक्टर चारातले तीन. तुमच्या जिममधला चढउतार करायचा ठोकळा, तो स्टेपसुद्धा अशाच दुखापतीतून आलाय. जिन मिलर ही इन्स्ट्रक्टर, गुडघा गेला, डॉक्टरांनी दुधाच्या क्रेटवर चढउतार करायला सांगितला. त्यातून 1989 च्या सुमारास तो प्रकार बाजारात आला.

घसा_बसलेली
सगळे पायांवरच बोलताय. माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. 40 माणसं, कानठळ्या बसवणारं संगीत आणि माइक नाही. "माइक मागवलाय" हे दोन वर्षं ऐकलं. शेवटी ईएनटीने महिनाभर मौन दिलं. सासूबाई म्हणाल्या, घरात एवढी शांतता पहिल्यांदाच. असो.

तालीमवाला
सुश्रुताने सांगून ठेवलंय, बलस्यार्धेन कर्तव्यो व्यायामः. अर्ध्या ताकदीनेच व्यायाम करावा. कपाळाला घाम, तोंडाला कोरड, की थांबा. एवढं पाळलं असतं तर या धाग्याची गरज नव्हती. पण आपल्याला परदेशातून आलेलंच पटतं.

कोथरूडचा_संशयात्मा
मग वस्ताद लोक हजार-हजार बैठका मारायचे त्या अर्ध्या ताकदीने? आमचे आजोबा तालमीतले. साठीनंतर दोन्ही गुडघ्यांनी भारतीय पद्धतीच्या संडासाशी कायमचं वैर धरलं.

तालीमवाला
आजोबांचा मान ठेवून सांगतो, बैठका मोजता येतात, ताकद मोजता येत नाही. आणि माती विसरू नका! ताक, हळद, तेल घालून मळलेली तांबडी माती. पडलं तरी लागत नाही. तुम्ही नाचता व्हिट्रिफाइड टाइल्सवर, खाली सरळ काँक्रीट. हाड तडकेल नाही तर काय.

पहाटे_पाच
काका, सुश्रुतावर भांडले असते, पण टाइल्सबद्दल पायाला हात लावते. वारज्याची बॅच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होती. ठणका तिथेच सुरू झाला. ब्रोशरमध्ये "वेलनेस झोन", प्रत्यक्षात लग्नाच्या हॉलची गुळगुळीत फरशी. तिथे लाकडी फ्लोअर हवा.

सचिव_बी_विंग
वाचत होतो फक्त, पण आता सोसायटीवर आलात. मी स्वतः सचिव आहे, बिनपगारी. तुम्ही मंडळी हॉल तासाला 150 रुपयांत वापरता. वेळ संपली तरी वीस मिनिटं "कूल डाउन". खाली राहणाऱ्या आजींची लेखी तक्रार माझ्याकडे आहे, छतातून धाडधाड ऐकू येतं म्हणून. त्यात लाकडी फ्लोअर हवा. मेंटेनन्स भरणारे भरणार आणि नाचणारे नाचणार?

कोथरूडचा_संशयात्मा
सचिवसाहेब, लॉबीला ग्रॅनाइट लावताना मेंटेनन्स कुठून आला होता?

सचिव_बी_विंग
तो ठराव मंजूर झाला होता. इतिवृत्त बघा.

घसा_बसलेली
ग्रॅनाइटवर कोणी उड्या मारत नाही, म्हणून ठराव मंजूर होतो.

लोखंडी_माणूस
आमच्याकडे मी रबरी मॅट टाकलीय. सांगितलेलं बरं, नाहीतर मालक म्हणजे राक्षस.

फिजिओ_दादर
झुंबाला रबरी मॅट? वजनं टाकायला ठीक आहे. वळताना बूट चिकटतो, पाऊल तिथेच राहतं आणि गुडघा फिरतो. वर मुली रनिंग शूज घालून येतात, ज्यांची पकडच पुढे धावण्यासाठी बनवलेली असते. खाली थोडी लवचीक पोकळी असलेला लाकडी फ्लोअर आणि वळता येईल असा तळ, एवढंच हवं.

लोखंडी_माणूस
म्हणजे मॅट टाकली तरी मीच चुकलो. छान. मी जिम विकतो आणि वडापावची गाडी टाकतो.

पहाटे_पाच
टाका. तिथे तरी कामगाराला दुपारी खायला मिळेल.

लोखंडी_माणूस
हा टोमणा अनाठायी होता. माझ्याकडच्या तिघींना मी गेल्या पावसाळ्यात घरी बसून अर्धे पैसे दिलेत. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की बाकीचे पूर्ण मागतात.

पहाटे_पाच
बरं, टोमणा मागे घेते. अर्धा.

सचिव_बी_विंग
माझा मुद्दा राहिला. अर्ध्या हॉलपुरतं लाकडी फ्लोअरिंग करायचं तर किती खर्च? कुणाकडे कोटेशन आहे का? नुसता उपदेश नको.

फिजिओ_दादर
सेकंडहँडसुद्धा मिळतं. बंद पडलेले डान्स स्टुडिओ विकतात. मी एका काँट्रॅक्टरचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो.

सचिव_बी_विंग
पाठवा. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घालतो. कोरम झाला तर चर्चा होईल.

कोथरूडचा_संशयात्मा
कोरम होत नाही हे माहीत आहे म्हणूनच घालताय.

सचिव_बी_विंग
तहकूब सभेला कोरम लागत नाही. उपविधी वाचा.