मदत हवी आहे: भ्रूणात दोन ऊतींमधली सीमा इतकी रेखीव कशी?
नमस्कार मंडळी. फळमाशीच्या भ्रूणातला एक मुद्दा काही केल्या उलगडत नाहीये, जाणकारांनी मदत करावी.

डॉर्सल या प्रथिनाचं प्रमाण पोटाकडच्या केंद्रकांत सर्वाधिक असतं आणि पाठीकडे हळूहळू उतरत जातं. जिथे ते भरपूर, तिथे ट्विस्ट आणि स्नेल ही जनुकं चालू होतात. त्या पेशींपासून पुढे स्नायू वगैरे बनतात. इथवर ठीक. पण डॉर्सलचा उतार संथ असूनही स्नेलची कड सुरीने कापल्यासारखी का येते? तिला लागून सिम जनुकाची जेमतेम एका पेशीएवढी रुंद रांग, आणि त्यापलीकडे लगेच चेतासंस्थेच्या होऊ घातलेल्या पेशी! डॉर्सल आणि ट्विस्ट मिळून स्नेलला चालू करतात, एवढ्यानेच हे साधतं का? सिमला त्या एकाच रांगेत ठेवण्यात नॉच संदेशाचा (शेजारच्या पेशी एकमेकींना देतात त्या इशाऱ्याचा) वाटा नेमका काय?

आणखी एक. उंदराच्या भ्रूणात टीबीएक्स६ हे जनुक निकामी केलं, की मणके-स्नायू बनवणाऱ्या भागाच्या जागी जादा चेतानलिका (ज्यांपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तशा नळ्या) तयार होतात. मला हे फार विलक्षण वाटतं. म्हणजे शेजारच्या ऊतीची जनुकं दाबून ठेवणं हेच स्नेल, टीबीएक्स६ अशा जनुकांचं मुख्य काम असतं का?

पदवीच्या पातळीवर समजेल असं कुणी सांगितलं तर खूप बरं होईल.