महिला धोरण लिहायचं आहे: पाळीची रजा आधी, की शौचालयं?

शिलाईघर_सांवेररोड

नमस्कार मंडळी. इंदूरला सांवेर रोडवर तयार कपड्यांचं युनिट आहे. एकूण ६४ माणसं, त्यांत ४१ बायका. ६४ पैकी ९ जण ठेकेदाराकडचे. खरेदीदाराच्या ऑडिटसाठी सेठजींना पंधरा दिवसांत एका पानाचं ‘महिला धोरण’ हवं आहे. त्यांच्या मनात तीन गोष्टी आहेत: महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा, वर्षातून एकदा आरोग्य शिबिर आणि आठ मार्चचा कार्यक्रम.

अकाउंटंट म्हणतात, बायका पन्नास नाहीत म्हणून पाळणाघर लागत नाही. बाळंतपणाच्या रजेचा पगार कोण देणार, यावरही एकमत नाही. हॉलमध्ये बायकांसाठी दोन शौचालयं आहेत, चहाची सुट्टी दोनदा, १५-१५ मिनिटांची. पूर्ण हजेरीला महिना ८०० रुपये भत्ता. सुरुवात कुठून करावी?

हिशेबनीस

आधी अकाउंटंटसाहेबांचा हिशेब दुरुस्त करू. पाळणाघरासाठीचा ५० हा आकडा बायकांचा नाही, एकूण कर्मचाऱ्यांचा आहे. तो मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. घोटाळा होतो तो जुन्या कारखाने कायद्यामुळे, तिथे ३० पेक्षा जास्त महिला कामगार अशी अट होती. तुमच्याकडे ४१ आहेत, म्हणजे त्या मापानेही तुम्ही सुटत नव्हतातच. ठेकेदाराचे ९ वगळले तरी ५५ उरतात, तेव्हा त्या वादात वेळ घालवू नका.

स्वतःचंच पाळणाघर हवं असं नाही. संहितेनुसार काही आस्थापना मिळून सामाईक पाळणाघर चालवू शकतात. शेजारच्या दोन-तीन शेडवाल्यांना विचारा, भाडं आणि बाईंचा पगार वाटून जाईल. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या जागी किंवा ५०० मीटरच्या आत, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं आणि दर मुलामागे दहा-बारा चौरस फूट जागा असं माप आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं, तिची विश्रांतीची वेळ त्यातच धरलेली असते. पाळणाघर ओस पडतं ते वेळेपायी: शिफ्ट साडेआठला सुरू आणि दार नऊला उघडतं, मग कोण आणणार मूल?

आता पगार. ज्यांचं वेतन महिना २१,००० पर्यंत आहे आणि ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, त्यांचे २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, सेठजी नाही. अट अशी की लागोपाठच्या मागच्या दोन अंशदान-कालांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हे काल एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. जानेवारी ते जूनमधल्या बाळंतपणासाठी आदल्या सप्टेंबरअखेर संपलेले दोन काल बघतात. म्हणून बाई ऑक्टोबरात कामाला लागली आणि मार्चमध्ये बाळंत झाली, तर पाच महिने वर्गणी जाऊनही अर्ज अडकतो. नवीन बाईची नोंदणी ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणून लांबवली की नुकसान तिचंच होतं.

२१,००० च्या वरच्यांना पैसे मालकाने द्यायचे. अट: अंदाजे तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. तिसऱ्या मुलापासून २६ ऐवजी १२ आठवडे. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात स्पष्ट केलंय. ‘परमनंट नाही’ हे कारण चालणार नाही.

मोजपट्टी

पाळीची रजा कागदावर छान दिसते, पण त्याआधी रांगेचं गणित करा. बाईला शौचालयात सरासरी तीन मिनिटं धरा. ४१ गुणिले ३, म्हणजे १२३ मिनिटं. शौचालयं दोन, म्हणजे सगळ्यांचं व्हायला एक तास. सुट्टी १५ मिनिटांची, तेवढ्यात जास्तीत जास्त दहा जणींचं होतं. उरलेल्या ३१ जणी काय करतात? पाणी कमी पितात. कारखाने नियमांतलं नेहमीचं प्रमाण २५ महिलांमागे एक शौचालय असं आहे, म्हणजे तुम्ही नियम पाळताय आणि तरी ही स्थिती आहे. पुरुषांना मुताऱ्या वेगळ्या असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत त्यांची रांग लवकर सरते. जागा समान दिली म्हणजे सोय समान झाली असं होत नाही. लघवी तासन्‌तास रोखण्याने आणि पाणी तोडण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गरोदरपणात तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो. म्हणून सुट्ट्या लाइनवार वाटून द्या आणि तिसरं शौचालय बांधा. आत झाकणाचा डबा ठेवा. पॅड जाळायच्या छोट्या भट्टीच्या मोहात पडू नका, कमी तापमानाला प्लास्टिक जळून नुसता धूर होतो. इंदूरच्या कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याला वेगळा कप्पा आहेच.

दुसरा मुद्दा तुमचा हजेरी भत्ता. एक दिवस पाळीची रजा घेतली की ८०० रुपये जाणार असतील तर ती रजा कोण घेणार? हा सौम्य ‘खाडा’च झाला. ऊसतोडीत खाड्याचा दंड आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया यांची सांगड इतकी उघडी पडली की २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला समिती नेमावी लागली. भत्त्याच्या नियमात एक ओळ घाला: ‘आजारपण, पाळी, गर्भपात व बाळंतपणाच्या रजेचा दिवस हजर धरला जाईल.’ तुमच्या एका पानातली सर्वांत किमती ओळ हीच असेल.

रजेला नावही ‘पाळीची’ देऊ नका, असं माझं मत. दर महिन्याला सुपरवायझरला तारीख कळवावी लागते, आणि पुढच्या भरतीत ‘बायका महाग पडतात’ हे ऐकावं लागतं. कारण न विचारता महिन्याला एक दिवस, सगळ्यांना, अशी रजा ठेवा.

दांडियाबाजार_वडोदरा

मोजपट्टींचं गणित पटलं, शेवटचा मुद्दा नाही पटला. नाव काढून टाकलं की गरजही अदृश्य होते, आणि बायकांच्या शरीराला कामाच्या जागी नाव नसणं हेच तर मूळ दुखणं आहे. बिहारमध्ये सरकारी नोकरीत १९९२ पासून महिन्याला दोन दिवस आहेत, कर्नाटकाने २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस पगारी रजा आणली. नाव ठेवा, पण अर्ज सुपरवायझरकडे न जाता हजेरीच्या वहीत फक्त एक खूण होईल असं करा. प्रमाणपत्र मागायचं नाही.

शिबिराबद्दल. ते रविवारी ठेवू नका. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचा बिनपगारी घरकामाला रोज सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं वेळ निघाला, तेव्हा रविवार तिच्या सुट्टीचा नसतोच. कामाच्या वेळेत, पगारी. हिमोग्लोबिन तपासा: गरोदर नसलेल्या बाईला १२ ग्रॅमच्या खाली ॲनिमिया, ८ च्या खाली गंभीर, तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. लोहाची गोळी चहाच्या सुट्टीत वाटतात, ही हमखास होणारी चूक. चहाने लोह नीट शोषलं जात नाही, निदान तासाभराचं अंतर हवं. निकाल बाईच्या हातात बंद पाकिटात, ऑफिसला फक्त एकूण आकडे. गरोदरपणाची चाचणी शिबिरात ठेवूच नका.

गरोदर बाईने मागितलं तर साधारण दहा आठवडे आधीपासून तिला जड किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. तुमच्याकडे म्हणजे प्रेस आणि चेकिंग. तिला धागे कापायला बसवा, पण पीस-रेट (नगामागचा दर) कमी लावू नका.

आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती? १० किंवा जास्त माणसं असली की ती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. सेठजींच्या सूनबाईंना अध्यक्ष करू नका, त्या कर्मचारी नव्हेत. तक्रारीला तीन महिने मुदत, चौकशीला ९० दिवस. हे हिंदीत लिहून शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, नोटीस बोर्डासमोर उभं राहून कोणी वाचत नाही.

शिलाईघर_सांवेररोड

आभार. भत्त्याची ओळ सेठजींनी मान्य केली. पण फ्लोअर सुपरवायझर अडून बसलेत: सुट्टीबाहेर कोणी उठलं की बंडल अडतं, लाइन थांबते, म्हणून शौचालयात जायला टोकन हवंच. एका वेळी दोनच टोकनं.

मोजपट्टी

त्यांची अडचण खरी आहे, उपाय चुकीचा. टोकनने रांग कमी होत नाही, ती फक्त बाईच्या पोटात उभी राहते. जायला-यायला धरून पाच मिनिटं, दिवसात तीनदा, ४१ जणी: ६१५ मिनिटं. शिफ्ट ४८० मिनिटांची. म्हणजे दिवसभरात जेमतेम सव्वा माणसाचं काम अडतं. दोन फ्लोटर (उठलेलीच्या मशीनवर बसणाऱ्या) ठेवा, एक ओव्हरलॉक मशीनवर हात बसलेली, दुसरी सिंगल नीडल आणि काज-बटण दोन्ही येणारी. फ्लोटरला पीस-रेटवर ठेवलंत तर ती अवघड मशीनवर बसायला टाळाटाळ करेल, तिला महिन्याचा पगार द्या, आणि लाइनच्या सर्वांत वरच्या ऑपरेटरइतका. पहिला आठवडा उत्पादन थोडं घसरेल, कारण दुसऱ्याच्या मशीनचा टाका बसवायला वेळ जातो. तेवढ्यावरून सुपरवायझरला ‘बघा, सांगितलं होतं’ म्हणू देऊ नका, आकडे तिसऱ्या आठवड्यापासून धरा.