लहान मुलांच्या विषाणूंवर यीस्टमध्ये लशी: पुढचा सरकारी पैसा इथे जावा का?

फर्मेंटरवाला:
लस कारखान्यात फर्मेंटेशन विभागात, म्हणजे मोठ्या टाक्यांत यीस्ट वाढवतात तिथे, माझी 15 वर्षं गेली, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो. पोलिओ आणि हँड-फूट-माउथ (लहान मुलांच्या तोंडात, हातापायांवर फोड आणणारा आजार) या दोन्ही रोगांवर यीस्टमध्ये लस बनवण्याच्या कामाला आपल्या सरकारने आता सढळ हाताने पैसा द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

हिपॅटायटिस बी ची लस आठवा. 1981 साली अमेरिकेत परवाना मिळालेली लस हा विषाणू अंगात असलेल्या वाहकांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून काढायचे. कच्चा माल मोजका, त्यात एड्सची भीती पसरलेली. 1982 मध्ये या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक पावाच्या यीस्टमध्ये घालून ते प्रथिन यीस्टकडून बनवून घेता येतं हे दाखवलं गेलं आणि 1986 ला माणसांसाठीची जगातली पहिली पुनर्संयोजित (अशा उसन्या जनुकातून बनवलेली) लस बाजारात आली. आपल्याकडे 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने पिचिया नावाच्या यीस्टमध्ये ती बनवली, पुढे पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने हान्सेन्युला नावाच्या यीस्टमध्ये. आयात लशीचे भाव खाली आले. आज सरकारी दवाखान्यात ती बाळाला फुकट मिळते, ती या यीस्टच्या जोरावर.

पिचियाला आधी ग्लिसरॉलवर वाढवतात. ग्लिसरॉल संपलं की विरघळलेल्या ऑक्सिजनची स्क्रीनवरची रेघ एकदम उभी चढते. रात्रपाळीला आम्ही त्या रेघेवर डोळे लावून बसायचो. ती चढली की मिथेनॉल सुरू. मिथेनॉल मिळालं की जनुक कामाला लागतं, आणि तेच जास्त झालं तर पेशी मरतात. हे कसब आपल्या कामगारांच्या हातात आधीच आहे.

आता पोलिओ. आपल्या बाळांच्या दंडात जी पोलिओची सुई देतात, ती बनवायला कारखान्यात जिवंत विषाणू प्रचंड प्रमाणात वाढवून मग मारावा लागतो. 2014 मध्ये बेल्जियममधल्या एका लस कारखान्यातून जिवंत पोलिओ विषाणूचं 45 लिटर द्रावण चुकून सांडपाण्यात गेलं. हावड्याच्या 2011 च्या रुग्णानंतर आपल्या देशात रानटी पोलिओ नाही. मग तोच विषाणू टाक्या भरभरून का वाढवायचा? यीस्टमध्ये त्याचं नुसतं रिकामं कवच तयार होतं. आत जनुकं नाहीत, म्हणजे निसटून कुणाला लागण होण्याचा प्रश्न नाही.

सिस्टर_नंदुरबार:
दादा, तुमचं काम मोठं आहे, पण मला हे पटलं नाही. जी लस यीस्टमधून येऊन इतकी वर्षं झाली, ती तरी प्रत्येक बाळाला वेळेवर मिळते का?

हिपॅटायटिस बी चा झिरो डोस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत द्यायचा असतो. जन्मताना आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते, आणि पुढे लिव्हर सिरॉसिस नाहीतर कॅन्सर. मी आधी ज्या ठिकाणी होते तिथे रात्री दोनला बाळंतपण झालं की फ्रिजची किल्ली दुसऱ्याकडे. कुपी दहा डोसांची. एका बाळासाठी फोडली तर नऊ वाया जातील, या धास्तीने "सकाळी देऊ" म्हणायचे. सकाळी नातेवाईक बाळंतिणीला घेऊन पाड्यावर गेलेले असत. उघडलेली कुपी नीट ठेवली तर 28 दिवस वापरता येते, हा नियम आहे, पण तिथे तो कुणी समजावून सांगितला नव्हता.

शिवाय ही लस गोठली की मेली. बर्फाला चिकटून राहिलेली कुपी मी शेक टेस्टला (लस गोठून गेली का ते हलवून बघायची चाचणी) लावलेली आहे. हलवून ठेवली की फुटलेल्या दुधासारखे कण होऊन भरभर तळाशी बसतात, चांगली कुपी शेजारी तशीच गढूळ असते. नवी लस शोधायच्या आधी हे दुरुस्त करा.

प्रथिनशास्त्र:
दोघांनाही थोडं थांबवतो. यीस्ट प्रत्येक विषाणूला चालत नाही. गोवर, आरएसव्ही (तान्ह्या बाळांच्या छातीत संसर्ग करणारा विषाणू) यांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना साखरेच्या साखळ्या असतात आणि यीस्ट तिथे स्वतःच्या पद्धतीने मॅनोज या साखरेच्या लांबलचक साखळ्या जोडतं. म्हणून आरएसव्हीच्या लशीचं प्रथिन सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवतात. पोलिओच्या कवचाला साखर नसते, तिथे यीस्ट बसतं. पण आत जनुकं नसलेलं कवच नाजूक, थोड्या उष्णतेने त्याचा आकार बदलतो आणि मग त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं खऱ्या विषाणूला अडवत नाहीत. कवच टिकवायला जनुकात बदल करावे लागतात. खरी मेहनत तिथे आहे.

हँड-फूट-माउथवर पैसा घालायला मात्र माझा विरोध. ईव्ही-71 आणि कॉक्सॅकी ए-16 हे तो आजार आणणारे दोन वेगळे विषाणू. चीनने 2015 मध्ये ईव्ही-71 वर लस मंजूर केली (ती यीस्टची नाही, मारलेल्या विषाणूची), ती कॉक्सॅकी ए-16 ला रोखत नाही. आपल्याकडे कॉक्सॅकी जास्त आणि आजार बहुधा सौम्य.

दोन_मुलांची_आई:
सौम्य हा शब्द डॉक्टरांच्या बाजूने आहे. माझ्या धाकट्याच्या तोंडात इतके फोड आले की तो तीन दिवस पाण्याचा घोट घ्यायचा आणि रडत बाहेर काढायचा. मी चमच्याने थंड ताक पाजत रात्र काढली. जीवावरचं नव्हतं, मान्य. तरी पोलिओच्या आधी याला पैसा द्या असं मीही म्हणणार नाही.

फर्मेंटरवाला:
हँड-फूट-माउथचा मुद्दा मागे घेतो, ए-16 बद्दल मी पुरेसा विचार केला नव्हता.

सिस्टर, तुमचं म्हणणं मात्र मला कारखान्याकडेच परत आणतं. हिपॅटायटिस बी ची लस गरमी बऱ्यापैकी सोसते, थंडी सोसत नाही. इंडोनेशियात सुईणी एकाच डोसाची भरलेली सुई घेऊन घरी जाऊन जन्मल्या जन्मल्या ही लस द्यायच्या. कुपी फोडायची धास्ती नाही, किल्ली शोधायची नाही. आपण दहाची कुपी स्वस्त पडते म्हणून भरत राहिलो. संशोधनाचा पैसा लस अशी एकेका सुईत भरण्यावरही लागायला हवा, आणि पोलिओच्या कवचावरही.

सिस्टर_नंदुरबार:
"हेही आणि तेही" म्हणायला सोपं आहे, पैसा शेवटी एकाच खिशातून येतो. मी अजूनही आधी एका डोसाची सुईच मागेन. आता जिथे आहे तिथे फ्रिजची दुसरी किल्ली लेबर रूममध्ये खिळ्याला टांगलेली असते. त्या किल्लीसाठी मला तीन अर्ज करावे लागले. परवा पहाटे चारला मुलगी झाली, साडेचारला तिला डोस दिला आणि रजिस्टरात वेळ लिहिली.