१ मेची कान्हेरी सहल: नावं द्या, बाकीचं नंतर

सुनंदाताई (बी-३०२): लिफ्टजवळचा कान्हेरीचा बोर्ड कोणी लिहिला? "धमाल पिकनिक, हाउजी, अंताक्षरी, स्पीकर आपला." मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं, बुद्ध पौर्णिमेला आम्ही लेण्यांवर वंदनेला जातो, ज्यांना यायचंय त्यांनी यंदा सोबत या. त्या दिवशी तिथे लोक पांढरे कपडे घालून, पोराबाळांना घेऊन येतात. त्रिशरण-पंचशील चालू असताना शेजारी आपण हाउजीचे आकडे ओरडणार का?

मंदार (सांस्कृतिक): ताई, नमस्कार 🙏 हेतू चांगलाच होता. नुसतं "लेणी" लिहिलं तेव्हा नावंच येईनात. "पिकनिक" लिहिल्यावर संध्याकाळपर्यंत बस भरली.

देशपांडे काका (ए-१०१): १ मे रोजी सोसायटीचा सत्यनारायण असतो. पूजेला बसणारं जोडपं अद्याप ठरलेलं नाही. कृपया नोंद घ्यावी.

राणे (सी-४०४): सकाळी बुद्ध पौर्णिमा, संध्याकाळी सत्यनारायण, मधे महाराष्ट्र दिन. आणि सुट्टी एकच. नोकरदारांवर अन्याय आहे हा 😄

नीलिमा वहिनी: सासूबाईंचं नाव मला न विचारता कोणी घातलं? मे महिन्याचं ऊन, तापलेला कातळ, त्यात लेणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य गेटपासून सहा-सात किलोमीटर आत. त्यांच्या गुडघ्यांचं काय ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

आजींनीच सांगितलं घालायला, वहिनी. मला गच्चीवर बोलल्या. (मंदार)

नीलिमा वहिनी: बरं. घरी बोलते.

अनिकेत (बी-३०२): वहिनी, ३ नंबरचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं मोठं लेणं, सुरुवातीलाच आहे, आजींना सगळा डोंगर चढायचा नाही. व्हरांड्यात दोन टोकांना समोरासमोर उभे बुद्ध आहेत, साधारण सात मीटर उंच. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. काही खांबांच्या माथ्यावर माणसं आणि हत्ती पूजा करताना कोरलेत, बाकीचे खांब साधेच राहिलेत. आजी तिथे सावलीत बसतील, मी थांबतो त्यांच्यापाशी.

साळवी (ए-३०३): सगळं मान्य. पण ओस पडलेल्या गुहांत तीन तास करायचं काय? म्हणून हाउजी. लहान मुलं कंटाळतात.

देशपांडे काका: पुन्हा लिहितो. पूजेला बसणारं जोडपं ठरलेलं नाही.

सुनंदाताई: साळवी भाऊ, ओस आज दिसतात. शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासून दहाव्या शतकापर्यंत तिथे भिक्खू राहिले, शिकले, शिकवत होते. खोल्यांमध्ये झोपायचे दगडी ओटे अजून आहेत, हात फिरवून बघा. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याचं टाकं आणि कातळावरून पाणी टाक्यात आणणारे पन्हळ. पावसाचं पाणी वर्षभर पुरवायचे. ३ नंबरच्या शिलालेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव आहे. दान देणारे कोण, तर सोपारा-कल्याणचे व्यापारी. म्हणजे आपल्याच लोकलच्या मार्गावरची माणसं. मुलांना हे दाखवलंत तर कंटाळणार नाहीत.

राणे: बघा. दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचं नियोजन होतं. आमच्या सी विंगला दुपारी चारनंतर नळ कोरडा.

कुलकर्णी (खजिनदार): सी विंगचा पंप हा विषय इथे नको. चार जणांनी मेंटेनन्स थकवलाय, नावं टाकू का?

राणे: टाका ना. बेकायदा पार्किंगवाल्यांचीही टाका.

मंदार: कृपया सहलीवर बोला 🙏

नीलिमा वहिनी: एक शंका. बुद्ध पौर्णिमेला वनखात्याची प्राणिगणना असते ना? उद्यान बंद असलं तर?

अनिकेत: ती ताडोबा, मेळघाटला पाणवठ्यावर मचाण बांधून, रात्री चांदण्यात करतात. आपण सकाळी जाऊन दुपारी परत. उद्यानाला सुट्टी सोमवारी असते, १ मे शुक्रवारी आहे. प्लॅस्टिक मात्र नको आणि खाऊच्या पिशव्या हातात उघड्या धरू नका, माकडं सरळ ओढून नेतात.

साळवी: ९० नंबरच्या लेण्यात पारशांनी इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये नावं कोरून ठेवलीत म्हणे. मग आमच्या पोरांनी लिहिली तर काय बिघडलं 😜

अनिकेत: ते पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले लेख आज इतिहासाचा पुरावा आहेत, साळवी काका. आता खिळ्याने बदाम काढला तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्हीसुद्धा आत मेणबत्ती लावत नाही, दगडावर काजळी धरते. फुलं वाहतो.

साळवी: अरे गंमत केली. हल्ली काही बोलायची सोयच नाही.

मंदार: ताई, मनाला लावून घेऊ नका. आपल्या सोसायटीत सगळ्यांचे सण सारखेच.

सुनंदाताई: सारखेच असते तर हा मेसेज लिहावा लागला नसता. गणपतीची वर्गणी आम्ही देतो. आरतीच्या वेळी स्पीकरवर सिनेमाची गाणी लावा असं आम्ही कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. पौर्णिमेला तथागतांचा जन्म, ज्ञानप्राप्ती, महापरिनिर्वाण तिन्ही आठवतात. एक सकाळ स्पीकरशिवाय मागतेय. बाकी हसा, फोटो काढा, डबे खा. पोरांनी तिथे पळावंच.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

कुलकर्णी: ताईंचं बरोबर आहे. स्पीकर रद्द. भाड्याचे पैसे परत घेतो.

राणे: सहमत. हाउजी परतीच्या बसमध्ये खेळा हवी तर.

देशपांडे काका: पूजेचं जोडपं?? सुनंदाताई आणि साहेब बसले तर सर्वधर्मसमभावही होईल.

अनिकेत: काका, हे बरोबर नाही.

सुनंदाताई: थांब अनिकेत. काका, आम्ही पूजेला बसत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. मांडवाच्या खुर्च्या दरवर्षी लावतो तशा यंदाही लावू. लेण्यांवरून येताना खीर करून आणलेली असेल, ती तुमच्याकडे पोचवते.

देशपांडे काका: तसं मनात काही नव्हतं. खीर जरूर.

नीलिमा वहिनी: आम्ही दोघं बसतो पूजेला. विषय मिटवा. आणि मंदार, सासूबाईंचं नाव राहू दे, माझंही घाल. त्यांना ती अकरा मुखांची मूर्ती बघायचीय, पेपरात वाचलं होतं त्यांनी.

अनिकेत: ४१ नंबर, अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. ते बरंच वर आहे वहिनी, आजींना जमणार नाही. मी जवळून फोटो काढून तिथेच दाखवतो.

मंदार: नवीन बोर्ड लावतोय: "बुद्ध पौर्णिमा, कान्हेरी लेणी. बस सकाळी ६.३० ला सुटेल. पाण्याची स्टीलची बाटली, टोपी." ताई, अजून काही घालू?

सुनंदाताई: "पांढरे कपडे असल्यास घाला, नसल्यास कोणतेही चालतील" एवढं घाल. आणि ६.३० नको, ६ लिही. राणे पोचेपर्यंत साडेसहाच होतात.